तक्रारअर्जावरचा पत्ता

तुम्ही अमेरिकेत शाळा शिकला असाल, तर ही गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असणार. लांबच्या राजाने टॅक्स लावले, लोक चिडले, बोस्टनमध्ये चहा समुद्रात गेला, मग युद्ध, मग चार जुलै आणि फटाके. इंग्लंडमध्ये शिकला असाल, तर हीच गोष्ट बहुधा एखाद्या तासात उरकली असेल. आणि आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत असाल, तर नववीच्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात तेरा वसाहतींचा ओझरता उल्लेख येऊन गेला असेल. तिन्हीकडे सूत्र मात्र एकच: तक्रारी साठत गेल्या आणि एक दिवस घडा भरला.

मला हे 'घडा भरला' प्रकरण पटत नाही. एक तर घडा वरचेवर रिकामा होत होता. १७६५चा स्टॅम्प कायदा वर्षभरात मागे घेतला गेला. १७६७ साली लावलेल्या जकातींपैकी चहाची सोडून बाकी सगळ्या १७७० मध्ये उठल्या. १७७३च्या ज्या कायद्यावरून बोस्टन पेटलं, त्याने चहा महाग नव्हे, स्वस्त झाला होता. दुसरं म्हणजे, तक्रारी कुठे नसतात? जगातल्या बहुतेक राज्यांत लोक पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत राहतात, आणि त्यातून नवा देश होत नाही. १७६५ ते १७७५ अशी दहा वर्षं अमेरिकेतल्या वसाहतींनीही मुख्यतः अर्जच केले, आणि प्रत्येक अर्जात आपण राजाचे किती निष्ठावंत प्रजाजन आहोत हे आवर्जून लिहिलं. म्हणून ते का चिडले यापेक्षा मला वेगळाच प्रश्न पडतो. त्यांनी अर्ज करणं का थांबवलं?

इथे थोडं घरचं सांगतो. मी लहान असताना आमच्या सोसायटीत आठवड्यातून दोन-तीन दिवस पाणी यायचं नाही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. ते फुलस्केप कागदावर अर्ज लिहायचे: प्रति, विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून, आणि शेवटी 'आपला नम्र'. एका वर्षी त्यांनी तोच मजकूर तीनदा लिहिला. दर वेळी फक्त 'प्रति'खालचं नाव बदललं: आधी खालचा इंजिनिअर, मग वरचा अधिकारी, मग नगरसेवक. चौथ्या वेळी त्यांनी अर्ज लिहिलाच नाही, स्थानिक पेपरच्या संपादकाला पत्र लिहिलं. मजकूर जवळपास तोच होता, पण तो आता अर्ज राहिला नव्हता. (पाणी त्यानंतरही आलं नाही. टँकर आला.)

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची कागदपत्रं मी या नजरेने वाचतो. मजकुरापेक्षा आधी 'प्रति'कडे बघायचं. तसं वाचलं की जगभर गाजलेला १७७६चा जाहीरनामा वेगळाच दिसू लागतो. थोडा जास्त हुशार दिसतो, आणि थोडा कमी प्रामाणिकही.

सुरुवात १७६३ पासून करू. सात वर्षांचं युद्ध ब्रिटनने जिंकलं होतं, पण सरकारचं कर्ज त्या काळात जवळजवळ दुप्पट झालं होतं. शिवाय अमेरिकेत सैन्य ठेवायचं होतं, त्याचा खर्च वेगळा. त्यातला काही भार वसाहतींनी उचलावा, असं लंडनच्या मंत्र्यांना वाटलं. लंडनहून पाहिलं तर यात गैर काही नाही, हे मान्य करायला हवं. १७६४च्या साखर कायद्याने तर परकी बेटांवरून येणाऱ्या मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. म्हणजे निम्मी केली. तरी न्यू इंग्लंडचे व्यापारी खवळले. का? कारण सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं, आणि तीन पेन्स सरकार आता खरोखर वसूल करणार होतं. मळीपासून रम होत असे आणि रमवर बंदरांचा धंदा चाले. सगळा मामला चोरट्या व्यापाराने आणि कस्टमवाल्यांचे हात ओले करून सुखाने चालला होता. स्वातंत्र्याच्या कथेचं हे पहिलं पान फारसं उदात्त नाही.

स्टॅम्प कायदा आला तेव्हा गोष्ट बंदरांपुरती राहिली नाही. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, गहाणखतं, पत्त्यांचे जोड, फासेसुद्धा, सगळ्यांवर शिक्का आणि शिक्क्याचे पैसे. वकील आणि छापखानेवाले, म्हणजे नेमके बोलू-लिहू शकणारे लोक, एकदम अंगावर घेण्याची ही करामत होती. ऑगस्ट १७६५ मध्ये बोस्टनच्या जमावाने शिक्के वाटणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला, आणि पंधरवड्याच्या आत लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर अक्षरशः फोडून रिकामं केलं. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. रस्त्यावरची भाषा अशी, आणि या सभेची भाषा? अगदी 'आपला नम्र'. आम्ही राजाचे प्रजाजन, जन्मतः इंग्रज, आणि इंग्रज माणसाचा हक्क हा की त्याच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय त्याच्यावर कर बसत नाही. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, सबब कर नको.

हा युक्तिवाद नीट बघा. यात ब्रिटिश सत्तेला विरोध नाही. तुम्ही पुरेसे ब्रिटिश वागत नाही, असं म्हणणं आहे. आपल्याकडे सव्वाशे वर्षांनी दादाभाई नौरोजींनी आपल्या ग्रंथाच्या नावातच इथल्या राज्याला 'अनब्रिटिश' म्हटलं, तो हाच पवित्रा. मायबाप सरकार, तुम्ही तुमच्याच शब्दाला जागा.

आता या अर्जनवीसांमधला सगळ्यात चांगला माणूस भेटवतो: जॉन डिकिन्सन. हा लंडनच्या मिडल टेंपलमध्ये कायदा शिकलेला, फिलाडेल्फियाचा श्रीमंत वकील. १७६५च्या सभेचा ठराव मुख्यतः त्याच्याच हातचा. १७६७-६८ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर नव्या जकाती आल्या, तेव्हा त्याने पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी म्हणून बारा पत्रं लिहिली आणि ती जवळजवळ सगळ्या वसाहतींच्या वर्तमानपत्रांनी छापली. पत्रातला 'शेतकरी' सुखवस्तू आहे, त्याच्याकडे पुस्तकं आहेत, पैसे व्याजाने लावलेले आहेत. या थाटाला हसू येतं. पण युक्तिवाद पक्का आहे. व्यापाराला शिस्त लावणं वेगळं आणि तिजोरी भरायला कर लावणं वेगळं, पहिलं चालेल, दुसरं नाही. आणि कर लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, लहान आहे म्हणूनच तो धोक्याचा आहे, कारण आज दिलेला पैसा उद्याचा दाखला होतो. डिकिन्सनची नजर रकमेवर नाही, दाखल्यावर आहे. मात्र उपाय सांगताना तो सांगतो ते साधारण असं: विनाकारण मार बसला तरी आज्ञाधारक मुलं प्रेमळ आईबापांपुढे जशी गाऱ्हाणं मांडतात, तसं वागा. मराठीत याला 'मायबाप सरकार' म्हणतात, फक्त पेनसिल्व्हेनियात.

१७७०च्या मार्चमध्ये बोस्टनमध्ये गोळीबार होऊन पाच माणसं मेली. ती कहाणी तुम्हाला ठाऊक असते. बहुतेकदा हे ठाऊक नसतं की सैनिकांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सने घेतलं आणि आठांपैकी सहा जण निर्दोष सुटले. म्हणजे तोवर कोर्टावर विश्वास होता, तिथे न्याय मिळतो असं दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. पुढची तीन वर्षं तुलनेने शांत गेली.

मग चहा. इथे गोष्ट आपल्या बाजूला वळते, आणि ओढूनताणून नव्हे. तो चहा चीनमध्ये पिकलेला, पण ईस्ट इंडिया कंपनीचा. १७७०च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, कंपनीचा हिशेब कोसळला, लंडनच्या गुदामांत चहाचे ढीग पडून राहिले. १७७३ साली पार्लमेंटने कंपनीला कर्ज दिलं आणि दोन कायदे केले. चहा कायद्याने कंपनीला अमेरिकेत थेट, स्वस्तात चहा विकायला दिला, पण तीन पेन्सची जुनी जकात तशीच ठेवली. दुसऱ्या, रेग्युलेटिंग कायद्याने मुंबईचं सरकार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आणलं. पहिल्याची परिणती १६ डिसेंबर १७७३च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडण्यात झाली. दुसऱ्याची परिणती पुण्याने पाहिली: मुंबईकरांनी राघोबाशी सुरतेत परस्पर तह केला आणि कलकत्त्याने तो झिडकारून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करवला. एकाच वसंतात निघालेले हे दोन कागद. एक चार्ल्स नदीच्या मुखाशी पोहोचला, एक मुळा-मुठेच्या काठी.

आणि आपले डिकिन्सनसाहेब? त्यांनी १७७३च्या नोव्हेंबरात 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक काढलं. त्यात त्यांनी बजावलं की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा: तिथे पंधरा लाख लोक उपासमारीने मेले म्हणतात, आणि ते जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, कंपनीने धान्य गिळलं म्हणून. फिलाडेल्फियाचा वकील बंगालच्या मेलेल्यांची साक्ष काढतो, हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो. पण साक्ष कशासाठी काढली तेही बघा. बंगालला न्याय मिळावा म्हणून नाही. उद्या आपली गत त्यांच्यासारखी होईल, आपण *इंग्रज* असून, म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

बोस्टनला शिक्षा म्हणून १७७४ साली पार्लमेंटने बंदर बंद केलं. शाळेत हेच सांगतात. पण माझ्या मते त्याहून जड कायदा दुसरा होता, ज्याने मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. सल्लागार मंडळ आता निवडलेलं नसून नेमलेलं, न्यायाधीश-शेरीफ गव्हर्नरच्या मर्जीतले, आणि गावसभा परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. बोस्टनच्या चहाशी काही देणंघेणं नसलेल्या आडगावच्या शेतकऱ्याला हा कायदा थेट भिडला. गावातला रस्ता, शाळा, पाद्र्याचा पगार, सगळं तो गावसभेत हात वर करून ठरवत आला होता. कर्ज थकलं तर जमीन जप्त करणारं कोर्ट आता नेमलेल्या माणसांच्या हातात जाणार होतं.

६ सप्टेंबर १७७४. बोस्टनच्या पश्चिमेला चाळीसेक मैलांवर वुस्टर हे गाव. त्या दिवशी तिथे कोर्ट भरायचं होतं. ३७ गावांचे ४,६२२ लोक पथकं करून आले, मोजणी झाली म्हणून आकडा इतका नेमका आहे. त्यांनी कोर्टाची इमारत अडवली. न्यायाधीश आणि अधिकारी, टोप्या काढून हातात धरलेल्या, दोन रांगांच्या मधून चालले आणि आपण या कायद्याखाली काम करणार नाही हा कबुलीजबाब वाचत गेले; मागच्यांना ऐकू जात नव्हता म्हणून पुन्हा पुन्हा वाचला. एक गोळी सुटली नाही. बोस्टनच्या बाहेर असं जागोजागी घडलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वुस्टरच्या गावसभेने आपल्या प्रतिनिधीला लेखी सूचनाही दिली की जुनं सरकार संपलं असं समजून नवं उभं करा. जाहीरनाम्याला अजून एकवीस महिने होते.

त्याच शरद ऋतूत फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची काँग्रेस भरली. तिने दोन गोष्टी केल्या. राजाला एक अर्ज पाठवला, आणि तो अंतिमतः कोणी लिहिला हे सांगायला नको. दुसरं, १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात बंद करायचं ठरवलं, आणि ती अमलात आणायला प्रत्येक काउंटीत, शहरात, गावात मतदानाने कमिट्या निवडायला सांगितल्या. अर्जाचं काही झालं नाही. कमिट्यांचं खूप झालं. दुकानदाराच्या वह्या तपासणं, माल जप्त करून विकणं, न ऐकणाऱ्याचं नाव पेपरात छापणं, शेजाऱ्याने कुठे चहा प्यायला याची चौकशी. सगळं गोड नव्हतं. दहशत होती, काहींच्या अंगावर गरम डांबर आणि पिसं ओतली गेली, आणि राजनिष्ठ लोकांची बाजू या गोष्टीत नेहमीच कमी सांगितली जाते. पण एरवी कधीही निवडून न आलेली हजारो साधी माणसं त्या हिवाळ्यात कारभार करायला लागली होती. माझ्या लेखी तक्रारीचं स्वातंत्र्य झालं ते इथे. अर्ज वरती जात होता, आणि तो करणारे खाली बसून तोवर स्वतःच निकाल द्यायला लागले होते.

एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्डला गोळ्या चालल्या, जूनमध्ये बंकर हिलला शेकडो माणसं पडली. तरीही जुलैत काँग्रेसने राजाला आणखी एक अर्ज धाडला. मसुदा पुन्हा डिकिन्सनचा. त्यात सगळा दोष मंत्र्यांच्या माथी मारला आहे आणि राजाला मध्यस्थी करायची विनंती आहे. राजा चांगला, कारभारी लबाड, हे जगातलं सगळ्यात जुनं सोयीचं खोटं. डिकिन्सनला ते खोटं आहे हे कळत नसेल असं मला वाटत नाही. परतीचा रस्ता उघडा ठेवायचा तर कोणाच्या तरी दाराशी जाता आलं पाहिजे, म्हणून तो ते जपत होता. अर्ज रीतसर सादर होण्याआधीच, २३ ऑगस्टला, राजाने वसाहतींना बंडखोर जाहीर केलं होतं. अर्ज त्याने घेतलाच नाही. 'प्रति'खाली आता लिहायला नाव उरलं नाही.

या रिकाम्या जागेत थॉमस पेन आला. पेनबद्दल सगळे सांगतात की तो कॉर्सेट शिवायचा, धंदा बुडाला, लग्नं टिकली नाहीत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे: इंग्लंडमध्ये तो अबकारी खात्यात कारकुनीवजा नोकरी करत होता, आणि १७७२ साली त्याने खात्यातल्या नोकरांचा पगार वाढावा म्हणून एक व्यवस्थित, पुराव्यानिशी निवेदन लिहून पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत पोहोचवलं होतं. त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही, उलट दोन वर्षांनी नोकरी गेली. १७७४च्या अखेरीस तो अमेरिकेत उतरला. डिकिन्सनला अर्जावर विश्वास होता कारण त्याचा एक अर्ज १७६६ साली फळला होता. पेनला तो नव्हता, कारण त्याचं १७७२चं निवेदन फळलं नव्हतं.

१० जानेवारी १७७६ ला आलेलं त्याचं 'कॉमन सेन्स' मिळालं तर वाचा, पन्नास पानांच्या आतलं आहे. वाचताना एक गंमत बघा: त्यात तक्रारींची यादी जवळजवळ नाहीच. कुठला कर किती, कुठली सनद कधी मोडली, काही नाही. तो सरळ राजेपणावरच येतो. माणसं जन्मतः सारखी, मग एका घराण्याला हा मान कोणी दिला? इंग्लंडच्या राजवंशाचा मूळपुरुष म्हणजे फ्रान्सहून टोळी घेऊन आलेला लुटारू. ज्यूंनी देवाकडे राजा मागितला तेव्हा देव रागावला होता, हा बायबलातला दाखला तो रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या वाचकासाठी मुद्दाम देतो. आणि सगळे जाचक कायदे उद्या मागे घेतले तरी काय उपयोग, असं विचारतो. पुस्तिका सदोष आहे. नव्या सरकारचा आराखडा तर घाईत खरडलेला वाटतो. पण तिने वाचकाची मान दुसरीकडे वळवली. आतापर्यंत सगळे लंडनकडे तोंड करून बोलत होते, पेन शेजाऱ्याकडे वळून बोलला. शेवटी त्याने एक रोखठोक व्यवहारी मुद्दाही मांडला: आपण स्वतःला ब्रिटिश प्रजा म्हणवतोय तोवर परदेशांच्या नजरेत आपण बंडखोर, आणि दुसऱ्याच्या घरातल्या बंडखोराला उघड मदत कोण करणार?

आता जाहीरनामा. जेफर्सनने लिहिला, काँग्रेसने कापला, ४ जुलैला मंजूर झाला. सुरुवातीची वाक्यं सगळे घोकतात, मधली यादी कोणी वाचत नाही, आणि खरा कस तिथेच आहे. यादीत साधारण २७ आरोप मोजतात. टॅक्सचा, ज्याच्यावर सगळी शाळेतली गोष्ट उभी आहे, तो सतराव्या क्रमांकाला एका ओळीत येतो. आधी काय आहे? राजाने आमचे कायदे मंजूर केले नाहीत, आमच्या विधानसभा बरखास्त केल्या, न्यायाधीशांचा पगार हातात ठेवला, शांततेत फौज ठेवली. वुस्टरच्या शेतकऱ्याची तक्रार यादीत बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या आधी आहे. बरोबर आहे.

पण व्याकरण बघा. जवळजवळ प्रत्येक आरोपाचा कर्ता एकच: 'त्याने'. राजाने. पार्लमेंटचा नावाने उल्लेख कुठेही नाही. राजाने 'इतरांशी' संगनमत केलं, एवढंच. कर पार्लमेंटचे, बंदरबंदी पार्लमेंटची, सनद मोडली पार्लमेंटने, आणि दहा वर्षं भांडण झालं ते पार्लमेंटच्या अधिकाराचं. इतिहास म्हणून हे चक्क अन्यायाचं लेखन आहे. वकिली म्हणून अप्रतिम. कारण १७७४ पासून वसाहतींचे बरेच पुढारी म्हणू लागले होते की पार्लमेंटचा आमच्यावर मुळात अधिकारच नाही, आमचा धागा फक्त राजाशी. मग जो धागा आहे तोच तोडावा लागतो, आणि तोडायला त्याच टोकाचा दोष दाखवावा लागतो. पार्लमेंटचं नाव घेणं म्हणजे तिचा काही हक्क होता असं कबूल करण्यासारखं. काल 'राजा चांगला, कारभारी लबाड' होतं, आज कारभारी गायब आणि सगळं राजाच्या नावावर. दोन्ही अर्धसत्यं, कोणती सांगायची हे 'प्रति'वर ठरलं. कारण हा कागद राजाला लिहिलेलाच नाही. तो जगाला उद्देशून आहे, मानवजातीच्या मताची बूज राखून. व्यवहारात जग म्हणजे फ्रान्स. पेनचा मुद्दा कामी आला: १७७८च्या फेब्रुवारीत फ्रान्सने करार केला.

तुम्ही न्यूयॉर्कला राहत असाल तर खालच्या मॅनहॅटनमधल्या बोलिंग ग्रीनला जा. तिथे तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा होता. स्टॅम्प कायदा रद्द झाल्याच्या कृतज्ञतेपोटी तो मागवला आणि १७७० मध्ये उभारला. ९ जुलै १७७६ ला जाहीरनामा वाचून झाल्यावर लोकांनी तो दोराने खाली ओढला, आणि त्याच्या शिशाच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्याचा हिशेब आहे. कुंपण अजून आहे. त्याच्या खांबांवरची टोकं तोडलेली बोटांना लागतात.

यादीचा शेवट मात्र वाचवत नाही. शेवटचा आरोप असा की राजाने आमच्यात आतून उठाव पेटवले आणि सरहद्दीवरच्या मूळ रहिवाशांना आमच्यावर सोडलं. त्यांच्यासाठी वापरलेला शब्द रानटी या अर्थाचा आहे. 'आतून उठाव' म्हणजे काय? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर याने जाहीर केलं होतं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. गुलामांनी स्वातंत्र्य घेणं हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला एक *आरोप* आहे. जेफर्सनने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा ठपकाही राजावर ठेवला होता, ज्याच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते त्या जेफर्सनने. काँग्रेसने तो परिच्छेद कापला. लबाडी जरा कमी झाली, इतकंच. बंगालच्या मेलेल्यांची आठवण आहे ना? तसंच इथे. दुसऱ्याचं दुःख साक्षीला चालतं, फिर्यादी म्हणून नाही.

डिकिन्सनने सही केली नाही. १ जुलैला त्याने विरोधात भाषण केलं, कागदाच्या होडीतून वादळात निघालोय असं काहीसं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मतदानाच्या वेळी बाहेर राहिला, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचं मत बाजूने पडावं. मग आपली पलटण घेऊन लढायला गेला. पुढे त्याने आपले गुलाम मुक्त केले. जेफर्सनने, मोजके सोडता, केले नाहीत. कोणाचा कागद चांगला आणि कोणाचं वागणं, हे दर वेळी एकाच खात्यावर जमा होत नाही.

१३ जानेवारी १७७७ ला मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे एक अर्ज आला. अर्जदार काळे, त्यांत बोस्टनचा प्रिन्स हॉल. जाहीरनाम्याला सहा महिने झाले होते आणि त्याची भाषा यांनी बरोबर उचलली होती: जन्मसिद्ध हक्क, जो कुठल्याही कराराने कधी सोडून दिला नाही. आम्ही एकामागून एक अर्ज टाकतोय आणि धीराने वाट बघतोय, असंही त्यात आहे, आणि अमेरिकेने ज्या तत्त्वावर ब्रिटनशी फारकत घेतली ते आमच्या बाजूने हजार युक्तिवादांहून जोरात बोलतं, अशा आशयाचं एक वाक्य. 'प्रति'खाली कोण? कालपर्यंत जे स्वतः अर्जदार होते, ते. विधिमंडळाने त्यावर कायदा केला नाही. त्या राज्यात गुलामगिरी मोडली ती १७८० नंतर, कोर्टात, गुलामांनीच दावे लावल्यावर.

पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' पुण्यात जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं तेव्हा ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत १७७६ नाही, चहा नाही, जेफर्सन नाही. काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी झीज सोसली, त्या लोकांच्या नावे ती लिहिली आहे.